नानांनी बसवलेला एक्सल

शनिवार, २२ नोव्हेंबर. जीपचा पुढचा एक्सल काढायचा, उजव्या बाजूचा. चाकाच्या आतून तेल गळत होतं आणि चालवताना घरघर येत होती. सील बदलायचं तर एक्सल बाहेर ओढावा लागतो. अंगणात जीप जॅकवर घेतली, चाक उतरवलं, आणि सवयीप्रमाणे धुळ्याला मिस्तरी नानांना फोन लावला.

मिस्तरी नानांनी कुणाला ‘जमणार नाही’ म्हटलेलं मी वीस वर्षांत ऐकलं नाही. फोन उचलला की ते आधी म्हणत, “व्हई जाई, अक्का!” आणि मग विचारत, “काय व्हयनं?” हायवेला त्यांचं पत्र्याचं गॅरेज. आमची एरंडोलला केळीच्या रोपांची नर्सरी. पावसाळ्यात काळ्या मातीतून रोपं पोचवायची तर फोर बाय फोर जीपच लागते, आणि आमच्या जीपला नानांखेरीज कुणी हात लावलेला नव्हता.

वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, तरी मला अक्का म्हणत. मी नुसती बघत उभी राहिले की हातात पाना देत. “दखी काय ऱ्हायनी? धर!” जॅकखाली फळी का ठेवायची, अडकलेला भाग ओढून काढायला पुलर कसा लावायचा, हे मला त्यांनी शिकवलं. नट अडला की मी चिडायचे. ते म्हणत, “नटशी भांडू नको. त्याले डिझेल पाज नि येळ दे.” वेल्डिंगचा मात्र त्यांना भारी तिटकारा. दुसऱ्याने जोड मारलेली गाडी समोर आली की म्हणत, “हाऊ कसाना मिस्तरी? हाऊ तर टाका घालाना ऐवजी डिंक लावणारा डॉक्टर.”

आमच्याकडे चांगला मिस्तरी ओळखायची एक रीत आहे. नवा भाग टाकला म्हणतो ना, मग जुना आणून दाखव. नाना न मागता आणत, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळी बांधून. चार वर्षांपूर्वी उजव्या एक्सलच्या टोकाचे दाते झिजले आणि ते चाक चिखलात जोर घेईना. जीप दोन दिवस धुळ्याला राहिली. परत आली तेव्हा मागच्या सीटवर कागदात गुंडाळलेला एक्सल. “हाई ले तुनं जुनं हाडुक. नवा टाकी दिन्हा.” ते हाडुक मी पहार म्हणून वापरायला काढलं. कुंपणाचे खड्डे त्यानेच घेतले.

दर दसऱ्याच्या आधी नाना एसटीने येत, पुढच्या दोन्ही चाकांचे बेअरिंग ग्रीस करायला. डावं चाक आधी. मी शेजारी बसून एकेक वस्तू हातात देणार. ते झालं की हात पुसत म्हणत, “आते चहा टाक, अक्का.” मी चहा घेऊन बाहेर येईपर्यंत उजवं चाक बसवूनसुद्धा झालेलं असे. काय हात आहे नानांचा, असं मी गल्लीत किती जणींना सांगितलं असेल.

मुलीला गाडी त्यांनीच शिकवली. तिच्या परीक्षेच्या दिवशी जीप पारोळ्याजवळ बंद पडली, तेव्हा नाना दुधाच्या टेम्पोत बसून आले, गाडी सुरू करून दिली आणि उन्हात उलट दिशेची गाडी शोधत उभे राहिले. ती मुलगी आता डॉक्टर आहे, तोरणमाळच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात. पाड्यांवर जायला तिला जीप हवी होती. रविवारी रात्री मुक्कामाला येऊन सोमवारी ती जीप घेऊन घाट चढणार होती.

तर शनिवारचा फोन. मी सगळं सांगितलं. पलीकडून “व्हई जाई” आलंच नाही.

“चालस ना गाडी?” नाना म्हणाले.

“चालते, पण घरघर येते. फ्लँजच निघत नाहीये, नाना. पुलर लावला, डिझेल पाजलं, घण मारला.”

“गंज व्हई. ऱ्हाऊ दे. चालती गाडी काब्र खोलस? मी येस उद्या.”

“सोमवारी पोरगी नेणार आहे.”

“तिले एस्टीने जाऊ दे ना.”

फोन ठेवला आणि पुन्हा चाकापाशी बसले. फ्लँज म्हणजे चाकाच्या मधोमध एक्सलच्या दात्यांवर चढवलेली जाड लोखंडी चकती. ती निघाल्याशिवाय आतलं बेअरिंगही निघत नाही आणि एक्सलही नाही. नानांच्या सांगण्याप्रमाणे तिला वेळ दिला. जेवण करून आले, पुन्हा घण मारला. ढिम्म. मग पेट्रोलच्या चिंधीने मधला घट्ट काळा थर घासून काढला. खाली गंज नव्हता. एक्सल आणि फ्लँज यांच्यामध्ये गोल, कानशीने घासून सपाट केलेलं वेल्डिंग होतं.

घरातला ग्राइंडर काढला आणि जोड कापला. मग सगळं एकामागून एक बाहेर आलं. बेअरिंग उष्णतेने निळं पडलेलं, ग्रीसच्या जागी सुका काळा चुरा. एक्सलच्या टोकाचे दाते झिजलेले, चार वर्षांपूर्वी होते तसेच. पहार आणून शेजारी ठेवली. ती या एक्सलपेक्षा वीतभर जास्त लांब होती. कुठल्या गाडीचं हाडुक होतं कोण जाणे.

पैशाचं सोडा. मी त्या बेअरिंगकडे बघत होते. फ्लँज वेल्ड केलेला, म्हणजे हे बेअरिंग चार वर्षांत कुणी बाहेर काढलेलंच नाही. चार दसरे मी आत चहा उकळत होते आणि नाना बाहेर नुसतं चाक काढून पुन्हा चढवत होते.

रविवारी पहिल्या एसटीने ते आले. मी सगळं पोत्यावर मांडून ठेवलं होतं. नानांनी ते पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि उभेच राहिले.

“नवा मिळनाच नही, अक्का. धुळं, जळगाव, मालेगाव, बठ्ठं पालथं घालं. तुले तर व्हई जाई म्हणी टाकेल व्हतं.”

“मग मिळत नाही म्हणायचं.”

“तू दुसराकडे लई गई असती.”

“नेली असती. आणि पुढच्या कामाला परत तुमच्याकडेच आणली असती.”

ते पोत्याकडे बघत राहिले.

“आणि दर दसऱ्याला?” मी विचारलं.

“सांगसू सांगसू करत ऱ्हायनू. मंग लाज वाटनी.”

“या चाकावर पोरगी घाट उतरणार होती, नाना.”

“तिले एस्टीने जाऊ दे म्हणनू ना मी.”

“म्हणालात. का, ते नाही म्हणालात.”

खाली वाकून त्यांनी निळं बेअरिंग उचललं, बोटाने फिरवून पाहिलं आणि परत ठेवलं.

“डाव्या चाकाचं काय?” मी विचारलं.

“डावं चांगलं शे. देवनी आन, अक्का. तुन्हा समोर खोलस मी दरसाल.”

खरं होतं ते. मी समोर असायचे. मी मान हलवली. हे मी बसवून देतो, असं ते म्हणाले. मी नको म्हटलं. पिशवी उचलून ते स्टँडकडे गेले. फाटकापर्यंत मी गेले नाही.

सोमवारी सकाळी मुलीला शहाद्याच्या एसटीत बसवून आले आणि जीपची डावी बाजू जॅकवर घेतली. फ्लँज दोन ठोक्यांत सुटला. आत याच दसऱ्याचं ग्रीस होतं, पिवळं, स्वच्छ, नानांच्या हाताने काठोकाठ भरलेलं. बेअरिंग चकचकीत. कुठेही बोट दाखवायला जागा नव्हती. मी ते सगळं ग्रीस पुसून काढलं, बेअरिंग धुतलं, नवं ग्रीस भरलं आणि चाक बसवलं.