‘सपोर्ट संपलाय, काकू’

जिन्याखालच्या अरुंद दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळा रस्ता ‘डॉक्टर’ म्हणायचा. माणूस सरळ. नुसती धूळ अडकलेली असली तर फुंकर मारून मशीन परत देणारा, वर “घरात झाडू मारत जा जरा” असं सुनावणारा. बावीस वर्षं त्याने हेच केलं होतं. आपण कुणाला फसवत नाही याचा त्याला, खरं सांगायचं तर, थोडा गर्वच होता.

समोरच्या इमारतीत तळमजल्यावर एक काकू भरतकामाच्या मशीनवर शाळांचे बिल्ले करायच्या. मशीन जुनं, पण दणकट. त्याला नक्षी पोचायची ती तितक्याच जुन्या कॉम्प्युटरमधून, आता कुठे मिळत नाही अशा रुंद तोंडाच्या केबलने. काकूंनी वीस वर्षांत एकेक टाका ठरवून रचलेल्या तीनशेच्या वर नक्ष्या त्यात होत्या.

मग पडद्यावर सूचना यायला लागली : या कॉम्प्युटरला यापुढे सपोर्ट मिळणार नाही. काकूंनी ती माशी हाकलावी तशी हाकलली. पण शाळांच्या ऑर्डरी यायच्या ते ईमेलही उघडेना, तेव्हा त्या दुकानात आल्या.

“अरे, हे म्हणतंय माझं वय झालं.”

“तुमचं नाही काकू, त्याचं. ठेवून जा. नवीन सिस्टिम टाकून उद्या आणून देतो.”

त्या दिवशी त्याच्याकडे सात मशीन होती, सगळी त्याच दुखण्याची. त्याने काकूंचे फोटो आणि कागदपत्रं बाजूला काढली, डिस्क पुसली, नवीन सिस्टिम चढवली. याला काय काय जोडता, हे विचारलं नाही. भरतकामाचा प्रोग्रॅम नक्ष्या स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, हेही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या खोलीत कॉम्प्युटर सुरू झाला, पण धापा टाकत. काकूंनी कपाटातून प्रोग्रॅमची सीडी काढून दिली. नवीन सिस्टिमने ती घ्यायला साफ नकार दिला.

“बरं, नक्ष्या तरी दाखव,” काकू म्हणाल्या.

त्याने शोधलं. पुन्हा शोधलं. नक्ष्या कुठेच नव्हत्या; डिस्कबरोबर त्याही आपणच पुसल्या, हे त्याला कळलं.

कॉम्प्युटर तिथल्या तिथे बंद करून दुकानात नेला, तर पुसलेलं बरंचसं परत काढता येतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फक्त ‘चुकलं माझं’ म्हणायचं होतं. पण नेमक्या तेव्हाच बिल्ले न्यायला आलेल्या दोन शिक्षिका दारात उभ्या होत्या आणि त्यातली एक म्हणाली, “डॉक्टर आलेत म्हणजे काळजी नाही.”

“सपोर्ट संपलाय, काकू,” तो म्हणाला. “जुन्यातलं यात येत नाही. कंपन्यांनीच दारं बंद केली, माझ्या हातात काही नाही.”

यातलं अर्धं खरं होतं, म्हणूनच आवाज कापला नाही.

“तू तरी काय करणार रे,” म्हणत काकूंनी त्याला पाण्याचा ग्लास दिला. त्याने तो तसाच खाली ठेवला.

काकू खचल्या नाहीत. शाळाशाळांतून जुने बिल्ले मागवले आणि भिंगाखाली टाके मोजून नक्ष्या कागदावर उतरवायला बसल्या. ईमेल त्याच कॉम्प्युटरवर चालू होतं. भेटेल त्याला त्या सांगायच्या, “डॉक्टरांनी फार जीव ओतला हो, पण वरूनच बंद झालं.” हे ऐकून नवी गिऱ्हाइकं दुकानात यायला लागली. एक गृहस्थ म्हणाले, “काकू म्हणाल्या, हा माणूस खोटं बोलत नाही.” त्याची मानच वर होईना. दुकानात जायला त्याने मागची गल्ली धरली.

दोन महिन्यांनी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, तशीच निवडत राहिली.

“मला सांगून काय उपयोग?” ती म्हणाली. “मी काय बिल्ले करते?”

तो काकूंकडे गेला. काकू एका विटलेल्या बिल्ल्यावर वाकल्या होत्या.

“काकू, नक्ष्या सपोर्टमुळे नाही गेल्या. मी पुसल्या. न बघता.”

काकूंनी भिंग खाली ठेवलं. “कधी कळलं तुला?”

“त्याच दिवशी. इथे बसलो होतो तेव्हा.”

“तेव्हा परत आल्या असत्या?”

इथेही खोटं बोलता आलं असतं. “बहुतेक सगळ्या,” तो म्हणाला. “आता तुमचं दोन महिन्यांचं ईमेल डिस्कवर त्याच जागेवर लिहिलं गेलंय.”

काकू ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बोटावरचा दोरा सोडवला. मग म्हणाल्या, “चूक होते रे. पण मी दारोदार तुझी बाजू घेत फिरले, आणि तू मला फिरू दिलंस.”

त्याने डिस्क नेली. चार दिवस खपून एकतीस नक्ष्या हाती लागल्या. भंगारवाल्याकडून रुंद केबलचा एक जुना कॉम्प्युटर आणून त्यावर जुनी सिस्टिम टाकली, इंटरनेट तोडून तो फक्त भरतकामाला जोडला आणि मशीन चालू करून दिलं. पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं, इतकं ते सोपं होतं. मग दर रविवारी तो काकूंशेजारी बसून उरलेल्या नक्ष्या टाका-टाका करून प्रोग्रॅममध्ये पुन्हा भरू लागला. काकू काहीही चालवून घेत नव्हत्या. “हा गरुड आहे की कोंबडी? उसवा,” म्हणायच्या. हो, ‘उसवा’. त्या दिवसापासून त्या त्याला अहो-जाहो करू लागल्या होत्या, आणि ते ‘अहो’ त्याला दर वेळी नव्याने टोचायचं.

काकूंनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. म्हणून ती त्यालाच सांगावी लागली. कुणी जुनं मशीन घेऊन आलं की तो आधी खुर्ची पुढे करतो. “बसा. याला काय काय जोडता, कुठे काय ठेवलंय, सगळं दाखवा. मी एका बाईंची वीस वर्षांची मेहनत पुसलीय, आणि वर खोटं बोललोय.”

काही जण बसतात. काही जण मशीन उचलून पुढच्या दुकानात जातात. त्यांना तो थांबवत नाही.