डाव्या बाजूचे पास

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळात कोणी 'तू नक्की काय करतेस गं?' असं विचारलं, की इला हल्ली 'कन्सल्टिंग' असं सांगून मोकळी व्हायची. खरं सांगून बघितलं होतं तिने. एका प्रोफेशनल फुटबॉल टीमसाठी कॉलेजचे खेळाडू पारखते, असं म्हटलं की एखादे काका हमखास विचारायचे, "म्हणजे आपला फुटबॉल?" नाही काका, इथला, लांबोळक्या बॉलचा. "मग तू खेळायचीस?" नाही. "मग तुला कसं कळतं?"

हा शेवटचा प्रश्न तिचा बॉस रँडीही अधूनमधून विचारायचा, फक्त जरा आडवळणाने.

कळत होतं ते असं. वडील नागपूरहून नोकरीसाठी मिनेसोटात आले, इला तिथल्याच ईडन प्रेरी गावात जन्मली आणि वाढली. थंडीत रविवारी दुसरं करण्यासारखं काही नसायचं, म्हणून बापलेक टीव्हीवर मॅच बघायचे. वडिलांना नियम कळायचे नाहीत, ते आठ वर्षांच्या पोरीला विचारायचे आणि ती समजावून सांगायची. पुढे स्टॅटिस्टिक्स शिकली, एका टीमच्या व्हिडिओ रूममध्ये चिकटली, आणि चौदा वर्षांनी चार राज्यांतल्या कॉलेजांची जबाबदारी तिच्याकडे आली. वर्षातले दीडशे दिवस ती गाडीत नाहीतर मोटेलमध्ये असायची.

दर वसंतात ड्राफ्ट व्हायचा, म्हणजे सगळ्या टीम सात राउंडमध्ये पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडायच्या. त्या वर्षी तिच्या यादीत कोल्बी वेस्टफॉल होता. टाइट एंड. म्हणजे रांगेच्या टोकाला उभा राहणारा धिप्पाड गडी. कधी समोरच्याला अंगाने अडवायचं, तर कधी धावत पुढे जाऊन पास झेलायचा. दोन्ही कामं नीट करणारे फार थोडे असतात. कोल्बीचं अडवणं सुरेख होतं. झेलणं मात्र लहरी. एखादा अशक्य बॉल एका हाताने घ्यायचा आणि पुढचा अगदी सोपा, हातात आलेला, सोडून द्यायचा.

इलाने कोचला विचारलं. कोच म्हणाला, "ग्रेट किड. फक्त फोकस नाही." सहायक कोचला विचारलं. "फोकस." रँडीने मोबाइलवर चार क्लिप बघितल्या आणि फोन केला. "पोराचं लक्ष नसतं. शिवाय चाळीस यार्ड पळायला जरा जास्तच वेळ घेतो. सातव्या राउंडचाही नाही. पुढचा बघ."

"रँडी, मी त्याच्या सगळ्या मॅच अजून बघितल्या नाहीत."

"चार क्लिपमध्ये कळतं."

"मग मला पगार कशाला देता?"

रँडी हसला. तिने हसण्यासारखं काही म्हटलं नव्हतं.

तिने दोन सीझनचे सगळे पास बघितले. सोडलेले बारा. कागदावर बाराही टिपले, कुठून आले, किती उंचीवर, त्याचे हात कुठे होते. दहा पास डाव्या खांद्यावरून आलेले. त्या दहाही वेळा हात बरोबर दिशेला गेले होते, पण एक वीतभर अलीकडेच मिटले होते. लक्ष नसलेला माणूस हात असे नेत नाही. त्याने बॉल बघितला होता. तो किती लांब आहे, एवढंच चुकलं होतं.

इला खुर्चीत मागे टेकून बसली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तिची आई, सरला, नेमकी अशीच चहाच्या कपाच्या अलीकडे हात मिटायची. चहा टेबलावर सांडायचा आणि इला वैतागून म्हणायची, "आई, लक्ष कुठे असतं गं तुझं?" वर्षभर म्हणत होती. आई बिचारी म्हणायची, "वय झालं." डॉक्टरकडे न्यायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मार्चमध्ये कोल्बीच्या कॉलेजात खेळाडूंची जाहीर चाचणी झाली. वीसेक टीमचे स्काउट, इलासारखेच पारखी, स्टॉपवॉच घेऊन उभे. कोल्बी पळाला, सगळ्यांनी आकडा लिहिला, अर्धे लोक तिथूनच गाडीकडे वळले. इलाने पास टाकणाऱ्या पोराला सांगितलं, "आता दहा डावीकडून, दहा उजवीकडून." उजवीकडचे दहाही कोल्बीने घेतले. डावीकडचे चार सुटले. शेजारचा स्काउट पुटपुटला, "फोकस." इलाला त्याची वही हिसकावून घ्यावीशी वाटली.

नंतर तिने कोल्बीला बाजूला बाकावर बसवलं.

"डावा डोळा कधीपासून त्रास देतोय?"

त्याने वाकून बुटाची लेस सोडली. "कॉलेजच्या तपासणीत पास झालोय, मॅम."

"कसा?"

"उजवा झाकायला सांगतात तेव्हा बोटांत फट ठेवतो." मग एकदम म्हणाला, "प्लीज, हे लिहू नका. आई आणि दोन बहिणी, सगळ्या ड्राफ्टची वाट बघतायत."

"लिहिणार. माझं कामच ते आहे. पण तुला न सांगता लिहिणार नव्हते."

"मग संपलंच माझं."

"बारा पास सोडलेस म्हणून सगळे तुला आळशी म्हणतायत. ते चालतं तुला?" इलाचा आवाज चढला होता. "दोन वर्षं, कोल्बी. एकाला तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर खेळू दिलं असतं का?"

तिने डोळ्यांच्या एका डॉक्टरचा नंबर लिहून दिला. कोल्बी तो न घेताच उठला. चार पावलं जाऊन परत आला आणि कागद घेऊन गेला.

रिपोर्टमध्ये तिने लिहिलं: झेलण्यातला दोष लक्षाचा नाही, बहुधा नजरेचा. आपल्या डॉक्टरांनी तपासावं. इलाज होण्यासारखा असेल, तर शेवटच्या राउंडमध्ये जरूर घ्यावा. रँडीचा फोन पंधरा मिनिटांत आला.

"आपण स्काउट आहोत, डोळ्यांचे डॉक्टर नाही."

"म्हणूनच डॉक्टरांना दाखवा म्हटलंय."

"सातव्या राउंडच्याही खालच्या पोरासाठी कोण एवढा खटाटोप करणार?"

"मी केला. तुम्ही फक्त वाचा."

त्याने पहिल्या ओळीपलीकडे वाचलं नाही. ड्राफ्टच्या तिन्ही दिवसांत कोल्बीचं नाव कोणीच घेतलं नाही. आठवडाभर इला रँडीशी कामापुरतंच बोलली. आईचा फोन आला तेव्हा तिच्यावरही चिडली, आणि मग लगेच परत फोन करून सॉरी म्हणाली.

जूनमध्ये कोल्बीचा मेसेज आला. बुबुळाचा पुढचा पडदा पातळ होऊन सुळक्यासारखा पुढे येत होता. वेळेत कळलं नसतं तर डोळा बराच गेला असता. छोटी प्रोसिजर झाली होती, वेगळ्या प्रकारची लेन्स मिळाली होती. खाली लिहिलं होतं, 'मॅम, झाडाची पानं वेगवेगळी दिसतात.' इलाने तो मेसेज मोटेलच्या पार्किंगमध्ये उभं राहून तीनदा वाचला.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका टीमने त्याला सरावापुरता घेतला. नोव्हेंबरात त्यांचा एक टाइट एंड जखमी झाला आणि कोल्बी मैदानात उतरला. नेमका इलाच्याच टीमविरुद्ध. पाच पास घेतले, त्यातले दोन डावीकडून, आणि एकावर सहा गुणांचं टचडाउन.

सोमवारी मीटिंगमध्ये रँडीने सगळ्यांसमोर विचारलं, "हा वेस्टफॉल आपल्या नजरेतून सुटला कसा? याच्या भागात कोण होतं?"

इलाने लॅपटॉप उघडला, मार्चचा रिपोर्ट शोधला, खोलीतल्या सगळ्यांना पाठवला आणि मोठ्याने वाचून दाखवला. दोनच पानं होती, पण तिने घाई केली नाही. रँडी म्हणाला, "अशा गोष्टी ठसवून सांगायला हव्यात, इला."

"मी फोनवर चौदा मिनिटं भांडले होते," ती म्हणाली.

त्याने पुढचा विषय घेतला. इलाने लॅपटॉप मिटला. दुपारी तिला दुसऱ्या राज्यात पोचायचं होतं, एका टाइट एंडला बघायला. त्याच्याबद्दल कोचने आधीच कळवलं होतं की पोरगा ग्रेट आहे, जरा मंद आहे एवढंच. गाडी हायवेला लागली तसा तिने त्या कोचला फोन लावला आणि विचारलं, "मंद म्हणजे नक्की काय? मला एकेक प्रसंग सांगा. माझ्याकडे तीन तास आहेत."