बरा हाय, म्हणजे निरंक

पोलादपूरकडच्या डोंगरवाड्यांचा मी तलाठी होतो. एका पावसाळ्यात एका वाडीच्या वर जमीन फाटली आणि महाडहून पंचनाम्याचे छापील तक्ते आले. भिंतीला तडा किती इंच, कौलं किती फुटली, कोंबड्या किती मेल्या. शेवटचा रकाना नवा होता : मानसिक हानी.

"ही मोजायची कशी?" मी बैठकीत विचारलं.

"सौम्य, मध्यम, तीव्र. नसेल तर निरंक," साहेब म्हणाले. "त्यात अवघड काय आहे?"

मी टेप घेऊन निघालो.

सगळ्यात वरच्या घरात एक विधवा बाई एकट्या राहत, मुलं मुंबईला. भिंतीला तडा नव्हता. सगळी भांडी लुगड्यात बांधून दाराशी ठेवलेली, त्यामुळे मोजायला सोपी गेली. ‘भांडी शाबूत’ असं मी लिहिलं. चहा त्यांनी शेजारणीकडून आणून दिला. उठता उठता मी विचारलं, "बाकी बरं आहे ना?"

"बरा हाय, भाऊसाहेब."

आमच्याकडे घरात सुतक असलं तरी माणूस आधी हेच म्हणतो. मी इथलाच, मला हे ठाऊक होतं. तरी लिहिलं : निरंक.

ज्यांच्या तक्त्यात काहीतरी हानी होती, त्यांना खाली रस्त्याजवळ शेड मिळाल्या. बाई कचेरीत आल्या. "माजा नाव नाय कसा?"

"तुम्हीच म्हणालात ना, बरं आहे म्हणून."

"अवो, तुमी पाव्हन्यावानी इचारलात, मी पाव्हन्यावानी सांगितला!"

दुरुस्ती एका कागदाची होती. पण त्यावर चूक कोणाची ते लिहावं लागे, आणि माझी बढती तोंडावर आली होती. "प्रस्ताव वर गेलाय," मी सांगितलं. प्रस्ताव माझ्या खणात होता. पुढचा सबंध पावसाळा, आभाळ गडगडलं की बाई गाठोडं डोक्यावर घेऊन खालच्या देवळात येत आणि उघडीप झाली की परत वर जात. दरड आली नाही. ती आली असती तर तिच्यासाठी वेगळा तक्ता होता.

बढती झाली आणि मी कागद पाठवला. कारण लिहिलं, ‘लेखनिकाची नजरचूक’. लेखनिक मला नव्हताच. बाईंना शेड मिळाली. मग महाडहून कारकुनाचा फोन आला. "भाऊसाहेब, ‘विलंबामुळे झालेली हानी’ हा रकाना कोराच आहे. निरंक टाकू का?"

"टाका," मी म्हणालो.

परवा त्या वाटेने गेलो. शेडच्या दाराशी तेच गाठोडं होतं, गाठ न सोडलेलं. बाईंनी आतून घरातल्या कपात चहा आणला. कप त्यांच्याकडे एवढा एकच गाठोड्याबाहेर होता.

"बरा हाय ना, भाऊसाहेब?"

सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. तोंडून निघालं, "बरं आहे."