कुड्याचा काढा आणि शेजारचं दूध

आंव ज्याला झाली नाही त्याला ती सांगून कळत नाही आणि ज्याला झाली आहे त्याला सांगावी लागत नाही. मला झाली ती साठच्या दशकात, तारापूरला. तिथे वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. यांना त्यावर काम मिळालं म्हणून आम्ही चार महिन्यांच्या लेकाला घेऊन साताऱ्याकडून आलो आणि किनाऱ्यावर एका मच्छीमाराच्या घरातली खोली भाड्याने घेतली. खिडकीसमोर बोंबील वाळत असायचे. मी माळकऱ्यांच्या घरातली, त्यामुळे दिवसभर खिडकी लावून घामाने निथळत बसायची.

पालघरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी आंव थांबायची आणि पंधरवड्यात परत यायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. शेवटी सासूबाईंनी गावाकडून येणाऱ्याबरोबर कुड्याची साल पाठवली. निरोप असा, की रोज सकाळी काढा घ्यायचा आणि पोट थांबलं तरी पुडी संपेपर्यंत सोडायचा नाही.

त्या काढ्यापुढे कडुनिंबाची चटणीसुद्धा गोड वाटली असती. पण गुण आला. पोट थांबलं, आणि असं थांबलं की हलायलाच तयार होईना. फुगून नगारा झाला, वर दिवसभर मळमळ. ‘आता बरं आहे ना?’ असं यांनी विचारलं, तेव्हा माझा चेहरा पाहून ते उत्तराची वाट न बघता कामावर गेले. घरमालकीण पिकलेली पपई आणून द्यायची, ती खायची, वर गरम पाणी प्यायचं, असं करत ते मी निभावून नेलं.

एका सकाळी मात्र लेकाने दुधाचा एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि मान फिरवली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी थेंबभर दूध जिभेवर घेऊन पाहिलं तर काढ्यासारखंच कडू लागलं. वरचं दूध तो उलटून टाकी. संध्याकाळपर्यंत रडून रडून त्याचा आवाज बसला. काढा सोडावा तर आंव परत येणार, घ्यावा तर पोर उपाशी. त्याला मांडीवर घेऊन मीही रडत बसले.

ते ऐकून घरमालकीण आली. माझ्याहून थोडी मोठी, कडेवर तिची सात महिन्यांची मुलगी. काय झालं ते मी सांगितलं. तिने मुलगी माझ्याजवळ दिली आणि लेकाला उचललं.

“बाय, तू औषध सोडू नको. तुजं दूध पिळून टाकत जा, नायतर आटंल. याला मी हाय.”

तो तिच्या अंगावर असा तुटून पडला की मला हसू आलं आणि पुन्हा रडूही आलं.

पुडी संपेपर्यंत तो तिच्याकडेच प्यायला. मी तिची मुलगी सांभाळायची. एकदा तिला वाटीतली भाताची पेज भरवताना माझ्या लक्षात आलं, की हल्ली ती दूध मागतच नाही. मी घरमालकिणीला विचारलं तर म्हणाली, “ती मोठी हाय, पेज खाते. हा काय खाईल?”

पुडी संपल्यावर काही दिवसांनी तिने माझ्या दुधाचा थेंब बोटावर घेतला आणि चाखला. “अजून नाय,” म्हणाली. पुढे रोज चाखायची. एका संध्याकाळी चाखून तिने लेकाच्या जावळावरून एकदा हात फिरवला, मग त्याला माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, “गोड झालं. घे तुजा तुला.” आणि मुलीला उचलून, मागे न बघता निघून गेली.

लेक प्यायला लागला. त्याच्या जावळाला बोंबलांचा वास येत होता. न्हाऊ घालायला पाणी तापवलेलं होतं, ते तसंच निवू दिलं, आणि त्या जावळात नाक खुपसून मी बसून राहिले.