न रडणाऱ्या बाळाचं बारसं

अंजनाबाई बारशाला गेल्या की पानावर बसण्याआधी बाळाचे तळपाय चाचपत. प्रसूतिगृहात चोवीस वर्षं नर्स म्हणून घालवल्यावर ही खोड लागायचीच. बायका हसत. हसोत बापड्या!

चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात महाल पेठेत शेजारच्या उत्तराच्या मुलाचं बारसं होतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत कूलर घरघरत होता. आत्याने, शामलाने, सव्वा महिन्याच्या बाळाच्या कानात 'अनंत' असं सांगून जोरात कुर्रर्र केलं. तिच्या पाठीत धपाटे बसले, हशा उसळला. बाळ मात्र ढिम्म.

"किती गुणी आहे वं पोरगं!" कोणीतरी म्हणालं.

अंजनाबाईंना हे गुण मुळीच पटले नाहीत. एवढ्या गोंधळात पोराने घर डोक्यावर घ्यायला नको? त्यांनी दुपट्यात हात घातला. भर मेमध्ये तळपाय थंडगार! अंग ढिलं, नाडी मंद, डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक.

"याले काय दिलं?"

"काहीच नाही वं," आजी यमुताई गडबडल्या. "कूलरनं नाक चोंदलं, दूध पिऊन नव्हता राहिला. म्हणून ह्यांचे नाकातले थेंब घातले. सकाळपासून चार-पाच डाव."

"मोठ्यांचं औषध? नाक मोकळं होते, पण अंगात भिनलं की लेकराचा श्वास मंद पडते! कूलर बंद करा. शिशी द्या मले."

कोणी कांदा हुंगवायला आणला, कोणी कॉफी. "तोंडात काही घालाल तर खबरदार!" म्हणत अंजनाबाईंनी बाळाला छातीशी धरलं आणि उत्तराला घेऊन रिक्षा गाठली.

दवाखान्यात डॉक्टरांनी शिशी वाचली. याला उतारा नव्हता. ऊब द्यायची, प्राणवायू द्यायचा आणि श्वासावर लक्ष ठेवून औषध उतरायची वाट पाहायची. मे महिन्यात ब्लँकेटात बाळ आणि मागोमाग आलेल्या, घामाने निथळणाऱ्या भरजरी बायका! सिस्टर हसू दाबत होती. अंजनाबाई मात्र मनातून घाबरल्या होत्या. श्वास मोजताना त्यांचा आकडा चुकत होता, आणि चोवीस वर्षांत तो कधी चुकला नव्हता.

पाचच्या सुमाराला बाळाने तोंड वेडंवाकडं केलं, पाय झाडले आणि अख्खा वॉर्ड दणाणून सोडला. उत्तराला पान्हा फुटला, चोळी भिजली. यमुताई हसत होत्या, रडत होत्या, सगळं एकदमच.

सिस्टर त्याला थोपटायला धावली. अंजनाबाईंनी तिचा हात धरला.

"रडू द्या त्याले," त्या म्हणाल्या. "भरपूर रडू द्या."