आपट्याखालचे तात्या

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बागेत त्यांचीच वाट बघत होतो. उशीर केला म्हणून मनातल्या मनात चार शिव्याही हासडून झाल्या होत्या. वेळेचा पक्का फौजी माणूस... झोपेतच गेले म्हणे. भाद्रपद संपत आला होता, दसरा तोंडावर. खरं सांगतो, रडू यायच्या आधी मला काळजीच वाटली ती आपट्याची. आता त्याला कोण राखणार?

तात्या मूळचे माण तालुक्यातले, मेंढपाळाच्या घरातले. फौजेतून निवृत्त झाल्यावर बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना घेऊन साताऱ्यात आमच्या शेजारी राहायला आले. नगरपालिकेच्या बागेत आश्विन लागला की झेंडू, शेवंती, गुलाबी कांचन, नुसती चंगळ! तात्यांचा जीव मात्र कोपऱ्यातल्या आपट्यावर. दसऱ्याला सोनं लुटायचं म्हणून लोक पानंच काय, फांद्याही मोडून न्यायचे. दुसऱ्या दिवशी झाडाचा नुसता खराटा. "तात्या, तुम्हाला एवढं काय पडलंय त्याचं?" मी एकदा विचारलं.

"गड्या, आमच्या शेरडांनी माणात एक झुडूप धड ठिवलं न्हाई. कुणीतरी फेडाया नगं व्हय?"

मग काय, पहिल्या वर्षी शिट्टी घेऊन झाडाखाली बसले. लोक पुढून "रामराम तात्या" म्हणायचे आणि मागून फांदी मोडायचे. पुढच्या वर्षी त्यांनी डोकं चालवलं. आपट्याची आणि कांचनाची पानं दिसायला सख्खी भावंडं, कांचनाची जरा मोठी इतकंच. येईल त्याला तात्या गंभीर चेहऱ्यानं सांगायला लागले, "खरा आपटा त्यो, तिकडं." संध्याकाळी बघतो तर आपटा हिरवागार आणि ऐन बहरातला कांचन फुलांसकट बोडका! दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांनी तात्यांना गाठलं. त्यात माझी बायको कुसुम सगळ्यात पुढं. "तात्या, आमच्या फुलांनी तुमचं काय घोडं मारलं होतं हो?" सरहद्दीवर न डगमगलेला गडी मान खाली घालून उभा. मला काही हसू आवरेना, तर माझ्यावरच खेकसले, "लेका, दात काय काढतोस?"

त्यानंतर मात्र ते स्वतःच सोनं वाटायला लागले. कडक इस्त्रीचा शर्ट, रांग लावायची, माणसाला एकच पान. कुणी आणखी मागितलं की आवाज चढायचा, "सोनं हाय ते, चारा न्हवं!" लोक आधी चिडले, मग हसले, आणि मग तात्यांच्याच हातचं पान पाहिजे म्हणून सकाळी सकाळी यायला लागले. पान हातात ठेवून तात्या प्रत्येकाला असे काही छातीशी धरायचे, की बरगड्या मोजून घ्याव्यात!

यंदा दसऱ्याला मीच जाऊन आपट्याखाली बसलो. माझा आवाज हा असा मांजराचा, मला कोण भिणार? पहिला आला तो कोपऱ्यावरचा रिक्षावाला. त्यानं एक पान तोडलं. बाकी फांदीला हात नाही. ते पान माझ्या हातात ठेवून पाया पडला. "काका, तात्या न्हाईत. आता तुमीच." त्याच्यामागून आलेल्या बाईनंही तेच केलं, तिच्यामागच्या कॉलेजच्या पोरींनीही... दुपारपर्यंत माझ्या सदऱ्याचे खिसे भरले आणि टोपीही भरली. निघताना वळून पाहिलं, आपटा होता तसा भरलेला होता. तात्या, बघायला पाहिजे होतात हो तुम्ही!

घरी आलो तर कुसुम दारातच कडाडली, "अहो, झाड ओरबाडून आणलंत की काय? तात्यांना जाऊन महिना झाला नाही अजून!" सांगायला तोंड उघडलं आणि हसता हसता मला रडूच फुटलं. कसंबसं सगळं सांगितलं. पदर पसरून तिनं पानं त्यात घेतली, एकसुद्धा खाली पडू दिलं नाही, आणि चपला पायात सरकवल्या.

"चला, वहिनींकडे. त्यांच्याकडे यंदा सण नाही, पण सोनं त्यांच्याच घरचं आहे."