कुंपणापलीकडची कबर

"परवानगी मागितली तर काय जीभ झडणार आहे का, वहिनी?" तिचा दीर जेमाल ओरडला. "एका दिवसाचा तर प्रश्न!"

"सासऱ्यांच्या कबरीवर जायला मी रशियन शिपायाला विचारू? गेल्या ईस्टरला तिथे त्यांची काटेरी तार तरी होती का?" चियालाने मंजिष्ठेच्या पाण्यातून लाल झालेलं अंडं बाहेर काढलं. ईस्टरला कबरीवर अंडी गडगडवायची, वाइन ओतायची. हे आजवर कुणाला विचारून केलं नव्हतं.

"शिपाई भला आहे. स्वतःहून म्हणाला, फक्त येऊन विचारा."

चियालाच्या मनात पाल चुकचुकली. आपलं शेत तारेने तोडणाऱ्यांना आपल्या मेलेल्यांचा एवढा कळवळा? आणि जेमालच्या खिशात तारेपलीकडची रशियन सिगारेट कुठून आली?

"आपण विचारलं की जॉर्जिया त्या तारेपाशी संपला, पलीकडचं सगळं त्यांचं, हे आपल्याच तोंडाने कबूल केल्यासारखं झालं. उद्या अंगणात यायलाही विचारावं लागेल."

तिचा नवरा ओतार खालमानेने म्हणाला, "बाबा वाट बघत असतील गं."

चियालाने अंडी टोपलीत भरली.

"उतार बाबांच्या कबरीकडेच आहे. तारेखालून अंडी गडगडवायची, वाइन इकडूनच ओतायची. विचारायला या घरातलं कुणीही जाणार नाही."